उत्तमरावांच्या नंबरावरून

उत्तमराव गेले त्याच्या आदल्या दिवशी अकोल्याला नत्थुजींच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. त्यामुळे गणगोतात सगळ्यांना निरोप गेला, ज्यांची वर्षानुवर्षं गाठभेट नव्हती त्यांनाही गेला, आणि ज्याला सगळ्यांच्या आधी जायला हवा होता त्या एका माणसाला मात्र कळवायचं नाही असं ठरलं.

ठरवलं ते नत्थुजींच्या मुलानं, शेखरनं. राख सावडून आल्यावर वर्षाली मोरीत पाय धूत होती, तेव्हा त्याचा फोन आला. आधी तो नुसताच रडला. उत्तमकाकांच्या सायकलच्या दांड्यावर बसून त्यानं अख्खं अकोला पाहिलं होतं. मग म्हणाला, "ताई, बाबा शुद्धीवर आले तवापासून फोन मागून राहिले. उत्तमची चाल आली काय, एवढंच इचारते. डॉक्टर म्हनते, धक्क्याची गोष्ट इतक्यात कानावर नाई पडली पायजे. आता मी काय सांगू? काका कामात हाय म्हनू? काकानं चाल सोडून कवा काम केलं?"

त्या स्थितीतही वर्षालीला हसू आलं. खरंच होतं ते.

"तू काही सांगू नको," ती म्हणाली. "चाल येईल."

बोलून गेली, आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण काय कबूल करून बसलो.

उत्तमराव आणि नत्थुजी एस.टी.च्या अकोल्याच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. एकाच खड्ड्यात उभं राहून, डोक्यावर गाडी घेऊन दोघांनी नोकरी काढली. जेवणाच्या सुट्टीत टायरवर फळी टाकायची आणि फळीवर बुद्धिबळाचा पट. निवृत्तीनंतर नत्थुजी अकोल्यातच राहिले. उत्तमरावांनी अमरावतीला रहाटगावच्या बाजूला घर बांधलं, मागच्या तुकड्यात शेवंती लावली, आणि पट फोनवर आला. साध्या मेसेजवर. दिवसाला एक चाल, कधी दोन. पट दोघांकडे मांडलेला. दोघंही स्वतःच्या सोंगट्यांबरोबर दुसऱ्याच्याही हलवणार. घरं ओळखायची त्यांची रीत त्यांचीच होती. पटाच्या आठ उभ्या रांगांना त्यांनी अकोला ते अमरावतीच्या वाटेवरची आठ गावं वाटून दिली होती: अकोला, बोरगाव, कुरणखेड, मूर्तिजापूर, माना, कुरूम, बडनेरा, अमरावती. 'घोडा मूर्तिजापूर पाच' असा मेसेज आला की घोडा त्या गावच्या पाचव्या घरात जाऊन उभा राहायचा. कायदा देशी. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालणार. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तोवर, जन्मात एकदा घोड्यासारखी उडी.

"इंग्रजी कायद्यात राजा हत्तीच्या मांगं लपते," उत्तमराव म्हणायचे. "आपला राजा उडी मारून पयते. पयाले हिंमत लागते, पोरी."

वर्षाली पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती. संक्रांतीला म्हणून आली होती, घरूनच काम करत होती, म्हणून बाबांच्या शेवटच्या सकाळी घरात होती. लग्न तिनं केलं नव्हतं, त्यामुळे सुतकही तिला पुरतं होतं. बुद्धिबळाच्या सोंगट्या कशा चालतात एवढं तिला येत होतं, त्यापुढं काही नाही. बाबांच्या खोलीत खिडकीशी पट मांडलेला होता. त्याला अजून कोणी हात लावला नव्हता. नत्थुजींची शेवटची चाल फोनमध्ये होती, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची. तिला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

तिनं बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून घेतला. त्याला ना पट, ना सोंगट्या, ना चित्र. नुसती काळी खिडकी. तीत पटाची मांडणी एका ओळीत लिहायची, विचार कर म्हणून हुकूम द्यायचा. मग तो ओळींमागून ओळी ओकत जातो आणि शेवटच्या ओळीत आपली खेळी सांगतो. त्याचा जोर तिनं बराच उतरवून ठेवला. बाबा काही जगज्जेते नव्हते. खेळी आली. तिनं पटावरची सोंगटी हलवली, गावाचं नाव जुळवलं आणि उत्तमरावांच्या नंबरावरून मेसेज पाठवला.

उत्तर लगेच आलं.

'आली बापा. मले वाटलं मेला का काय तू.'

वर्षाली फोन घेऊन मागच्या दारी गेली आणि शेवंतीच्या वाफ्यापाशी उभी राहिली. तिथंच तिनं एक नेम केला. चाल पाठवायची, पण बाबांच्या नावानं एक वाक्यही लिहायचं नाही. 'बरा हाय', 'जेवलो' इतकंसुद्धा नाही. सोंगटी, गाव, आकडा. तेवढं खोटं ती पेलू शकत होती. त्यापलीकडचं नाही.

नत्थुजींना नेम माहीत नव्हता. ते आपले लिहीत होते. दवाखान्यातल्या वरणात डाळ शोधावी लागते. शेजारच्या खाटेवरचा मूर्तिजापूरचा निघाला, पण माणूस बेकार, पत्ते खेळते. खोकलं की छाती उकलल्यावानी होते, उशी धरून खोकतो. आणि चाल. वर्षाली वाचायची, चाल तेवढी उचलायची, काळ्या खिडकीत टाकायची.

सुतकाच्या घरात हे लपून राहण्यासारखं नव्हतं. उत्तमरावांची थोरली बहीण तानुबाई गुडघे धरून ओसरीत बसलेली असे, तिथून तिला खोली सरळ दिसे.

"घरात चूल पेटून नाई राहिली," तानुबाई आल्यागेल्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अन् इचा कम्प्युटर पेटते. बाप गेला त पोरीनं रडाव का बटना दाबाव?"

"खेळू द्या बाई," आशाबाई म्हणाली. ती भिंतीला टेकून होती. नवरा गेल्यापासून ती फार थोडं बोलत होती. "त्यायचाच डाव हाय. अर्धा टाकून गेले."

वर्षालीनं आईकडं पाहिलं. आईला सगळं ठाऊक होतं हे तिला तेव्हा कळलं. कोणी सांगितलं होतं म्हणून नाही, तर रोज सकाळी पटावरची धूळ पुसलेली असे आणि सोंगट्या जागच्या हललेल्या नसत.

दशक्रियेला कौंडण्यपूरला जायचं ठरलं. वर्धेच्या काठी दिवसभराचं काम. पहाटे निघायचं, परतायला दिवस कलणार. वर्षालीला आईजवळ राहायचं होतं. लॅपटॉप घेऊन नदीवर बसणं तिच्यानं होणार नव्हतं, आणि दिवसभर चाल गेली नाही तर नत्थुजी फोन करतील हेही दिसत होतं. नत्थुजी नुकतेच घरी आले होते. आता त्यांना फोन हातात धरायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

म्हणून आदल्या दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, ती कोड लिहायला बसली. काम तिच्या सरावाचं होतं. काळ्या खिडकीतल्या प्रोग्रॅमची एक बाजू ऐकायची असते, एक बोलायची. एरवी ऐकायच्या बाजूला कीबोर्ड असतो आणि बोलायच्या बाजूला पडदा. दोन्ही बाजू तिथून सोडवून आपल्या कोडच्या हातात घेता येतात. मग खिडकी उघडावीसुद्धा लागत नाही. प्रोग्रॅम आत कुठंतरी चालत राहतो. समोर माणूस बसलाय की माणसाच्या जागी दुसरं काही, हे त्याला समजायची सोय नसते. तिनं बाबांचा फोन केबलनं लॅपटॉपला जोडला. मेसेज आला की तिच्या कोडनं तो वाचायचा, गावाच्या नावावरून घर ओळखायचं, प्रोग्रॅमला सांगायचं, त्याचं उत्तर ऐकायचं, पुन्हा गावाच्या नावात बसवायचं, आणि जरा वेळ जाऊ देऊन पाठवून द्यायचं. बाबा कधीच पटकन उत्तर देत नसत.

पहिल्या खेपेला सगळं ठप्प झालं. तिनं कोडला सांगितलं होतं: त्याचं बोलणं संपलं की सगळं एकदम वाचून घे. पण हा प्रोग्रॅम उत्तर देऊन निघून जाणारा नव्हता. उत्तर दिलं की तो पुढच्या हुकमाची वाट पाहत बसे. तो कोडची वाट पाहत राहिला आणि कोड त्याची. तिनं वाचणं ओळीओळीनं केलं, खेळीची ओळ आली की थांब असं सांगितलं. तरी काही येईना. मग लक्षात आलं की तिचा हुकूम लिहून झाला होता पण पुढं सरकलाच नव्हता. मधल्या नळीत पडून होता. तो ढकलणारी एक ओळ घातली आणि उत्तर आलं.

राजाच्या उडीचं तिनं आधीच शिकून घेतलं होतं. नत्थुजींच्या राजानं मागं एकदा उडी मारली, तेव्हा प्रोग्रॅमनं असली चाल जगात नसतेच असं धरून ती न बोलता सोडून दिली होती, आणि जुन्याच पटावर उत्तर दिलं होतं. म्हणून कोडनं त्याला चाली सांगायच्याच नाहीत. दर वेळी पट नव्यानं मांडून द्यायचा, मागचं काही विचारायला त्याला जागाच ठेवायची नाही. शह बसला तर 'शह' जोडायचं. मात झाली तर 'मात'.

शेवटी मेसेजमधल्या बाकीच्या मजकुराचा प्रश्न राहिला. नत्थुजी चालीच्या आगेमागे जे लिहीत त्यात कधी गावाचं नाव यायचं, कधी आकडा, आणि कोडचा गोंधळ व्हायचा. तिनं एक ओळ लिहिली: ज्यात सोंगटी, गाव आणि आकडा तिन्ही नाही, ते सोडून दे. ही ओळ लिहिताना तिचा हात कुठं अडखळला नाही.

"झालं काय?" आशाबाई दारात उभी होती.

"झालं. उद्या आपण तिकडं असलो तरी इकडून चाल जाईल."

आशाबाई आत आली. लॅपटॉपकडं न पाहता पटाकडं पाहत राहिली. "त्यायले कळन नाई नं?"

"चाल तर चालच असते, आई."

आशाबाईनं पदरानं पटाची कड पुसली आणि ती बाहेर गेली.

कौंडण्यपूरला ऊन स्वच्छ होतं. वर्षालीचा चुलतभाऊ गोपाल डोकं भादरून बसला, भटजींनी सांगितलं तसं करत गेला. नदीला पाणी कमी होतं आणि संथ होतं. आशाबाईनं पदरात बांधून आणलेली शेवंतीची फुलं पाण्यात सोडली. ती काठाशीच घुटमळली, तेव्हा गोपालनं हातानं लाट करून पुढं सारली. वर्षाली आईचा दंड धरून उभी होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. एखादं भांडं काठोकाठ भरलेलं असावं आणि ते घेऊन दहा माणसांतून चालावं, तसं तिचं त्या दिवसांत झालं होतं. घरी सगळ्यांसमोर ती उत्तमरावांची शहाणी मुलगी होती. फोनवर ती उत्तमराव होती. तिची तिला कुठं बसायला जागा नव्हती. बाबांबद्दल ज्याच्याशी बोलावं असा एकच माणूस होता, आणि त्याच्यापासूनच तर लपवायचं होतं.

परतताना गाडीत आशाबाई एकदाच बोलली. "चाल गेली असन काय वो?"

"गेली असेल."

घरी पोचल्यावर आंघोळी झाल्या. वर्षाली ओल्या केसांनीच खोलीत गेली. लॅपटॉपच्या पडद्यावर दिवसभराच्या ओळी एकाखाली एक उभ्या होत्या. आलेल्या, गेलेल्या, आणि सोडून दिलेल्या. आधी तिला शेवटची गेलेली ओळ दिसली.

'वजीर बडनेरा सात. मात.'

सुटले, असंच तिच्या मनात आलं. डाव संपला. आता नवा डाव मांडेपर्यंत दोन दिवस तरी मिळतील.

"आई," तिनं हाक मारली. "डाव संपला. बाबा जिंकले."

आशाबाई आली. "कशानं?"

"वजिरानं. मात झाली."

आशाबाईनं पदर तोंडाला लावला. वर्षालीला वाटलं आता ही रडणार. पण तिनं पदर काढला आणि म्हणाली, "वजिरानं ते मात करत नसत."

"म्हणजे?"

"प्याद्यानं करत. महिना लागो का दोन महिने लागो. वजीर मोकळा उभा असला तरी त्याले बाजूले ठुवून प्यादं नेत. मी म्हनो, शेवंती सुकून जाते तवरोक तुमची मात येत नाई. त म्हनत, वजिरानं मारनं म्हनजे सासऱ्याच्या जिवावर मिशीले पीळ देनं. नत्थुभाऊबी तसेच. दोघायचा तोच कायदा." ती पटाजवळच्या खुर्चीवर बसली. "तुले कोन सांगन? तू कवा इचारलं नाई, त्यायनं सांगतलं नाई. पन नत्थुभाऊले त…"

वर्षालीनं पडद्यावर वर जाऊन सोडून दिलेल्या ओळी वाचायला सुरुवात केली. कोडनं त्या चालींपासून वेगळ्या काढून फिकट रंगात ठेवल्या होत्या.

'टाके काढले आज. दुखलं नाई.'

'तू काहून बोलत नाई उत्तम. वहिनी बरी हाय नं.'

'शेखर माह्या तोंडाकडं पायत नाई. कायतरी लपवून राहिला. तुले माईत हाय काय.'

मग राजाची चाल. मग मात. आणि त्या 'मात'च्या खाली, वेळ सोडून सोडून, तीन ओळी.

'वजिरानं?'

'उत्तम'

'कोन हाय तिकडं'

तिन्हींत सोंगटी, गाव, आकडा काही नव्हतं. कोडनं सांगितल्याप्रमाणे त्या सोडून दिल्या होत्या आणि पुढच्या चालीची वाट पाहत तो बसला होता.

वर्षालीनं फोनची केबल काढली. शेखरला लावला. त्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

"ताई, त्यायनं तीनदा इचारलं. मी गुमान बसलो. मंग ते बी गुमान बसले. पट तसाच समोर हाय, उचलू देत नाई. मले नाई सांगता येत. मी त्यायचा पोरगा हावो, माह्या तोंडून निघत नाई. तूच सांग."

"फोनवर नाही सांगणार," वर्षाली म्हणाली. "उद्या सकाळी येते."

ओसरीतून तानुबाईनं ऐकलंच. "कुठं निंघाली? तेरवी नाई झाली अजून. सुतकी मानूस दुसऱ्याच्या उंबऱ्यात जाते काय? त्यो आजारी, त्याच्या घरी इटाळ नेतं काय तू?"

"उंबऱ्याबाहेर उभी राहीन, आत्या."

"बाहेरून काय सांगशीन?"

"आत्या, जे आधीच सांगायचं होतं ते."

 तानुबाई म्हणाली, "डब्बा घेऊन जाजो मंग. उपाशी नको जाऊ," आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली. भाऊ तिचाही होता.

अकोल्यात नत्थुजींचं घर एका बोळाच्या टोकाला होतं. पुढं फरशीचं अंगण, कडेला नळ. ऊन अंगणात आलं होतं आणि त्या उन्हात नत्थुजी खुर्चीवर बसले होते. छातीला पट्टा, अंगावर शाल, समोर स्टुलावर पट. वर्षालीनं त्यांना दिवाळीत पाहिलं होतं. आता ते निम्मे वाटत होते. शेखर दारात उभा होता, आत ना बाहेर.

वर्षाली फाटकापाशी थांबली.

"ये," नत्थुजी म्हणाले. आवाज खोल गेलेला. "उभी काहून? आत ये नं."

"काका, मी इथंच बरी हावो." पुण्यात इतकी वर्षं काढून तिची बोली वरून पांढरपेशी झाली होती, ती त्या फाटकात आपोआप गळून पडली. "सुतक हाय आमाले."

नत्थुजींनी पटावरून मान वर केली.

"कोनाचं?"

तिनं शेखरकडं पाहिलं. तो पायरीकडं पाहत होता.

"वर्षे. कोनाचं सुतक?"

"बाबाचं."

इतक्या दिवसांत तो शब्द त्या अर्थानं तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. घरी सगळ्यांना माहीतच होतं. सांगावं लागलं नव्हतं कोणाला.

 नत्थुजींचा हात शालीतून बाहेर आला, पटावर गेला आणि एका प्याद्यावर थांबला.

"हे पाय," ते म्हणाले. "कुरूमचं प्यादं. सहाव्या घरात. दिवाळीपासून चालवत आनलं त्यानं याले. दोन घोडे देल्ले याच्यापायी. मले दिसून राहिलं होतं काय करते ते, पन रोकता येत नव्हतं. मात कराले आता येकच घर उरलं होतं. अन् त्याच्या बाजूनं वजीर येऊन बसला." त्यांनी हात काढून घेतला. "कोन खेळलं? तू?"

"नाई काका. कम्प्युटर. मी नुसतं इकडचं तिकडं केलं."

"हम्म. चांगलं खेळते. पन मानूस नाई."

"माफ करा काका. मी बाबाच्या नावानं काई लिवलं नाई. येक शबद नाई. चाल तेवढीच…"

"तेच त," नत्थुजी म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "तेच त, पोरी. रोज चाल येते अन् बोल येत नाई. दवाखान्यात पडल्या पडल्या मी इचार केला, काय चुकलं माह्याकडून? कवा काय बोललो? आजारी मानसाचा कटाळा येते, मले माईत हाय. मी म्हनलं, उत्तम कटाळला आपल्याले. रीत म्हनून खेळते. मी रोज जास्त लिवत गेलो. हसन, काईतरी बोलन. नाई बोलला." ते थांबले, पट्ट्यावर हात दाबून श्वास घेतला. शेखर पुढं झाला, त्याला त्यांनी हातानंच मागं सारलं. "काल वजिरानं मात आली, तवा मले कळलं. हा उत्तम नोहे. म्हनजे उत्तम मले कटाळला नाई." आणि मग, तितक्याच आवाजात, "म्हनजे उत्तम नाई."

बोळातून कोणीतरी भाजीची गाडी ढकलत गेलं. त्याची हाक लांब गेली. वर्षालीनं फाटकाचा गज धरला होता. जे तिनं सच्चेपणा म्हणून पाळलं, त्यानंच या माणसाला आठवडाभर जाळलं होतं. दोन शब्द लिहिले असते, 'बरा हाय', तर ते खोटं झालं असतं आणि यांना झोप लागली असती. यातलं काय बरोबर होतं हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढं कधी कळेल असंही वाटलं नाही.

"आत ये," नत्थुजी पुन्हा म्हणाले.

"काका, सुतक…"

"मंग मी कोन हावो? येका खड्ड्यात उभा राहिलो त्याच्यासंगं. मले नाई लागत काय सुतक?" ते खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठू लागले. "शेखर, पानी काढ."

"बाबा, डॉक्टरनं सांगतलं, छाती वल्ली…"

"छातीले पिलास्टिक बांध. डोक्यावरून टाक. थंडंच टाक. आयकल्यावर आंघोळ करा लागते, तुले शिकवलं नाई काय मी?"

शेखरनं वर्षालीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. कोणत्या अर्थानं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्यानं आतून खताच्या पिशवीतलं प्लास्टिकचं अस्तर आणलं, बापाच्या छातीभोवती गुंडाळून दोरीनं बांधलं, कोमट पाण्याची बादली आणली, आणि ती थंड आहे असं सांगितलं. नत्थुजींनी काही तपासलं नाही. नळापाशी पाटावर ते बसले, वाकता येत नव्हतं म्हणून ताठच. शेखरनं तांब्यानं डोक्यावर पाणी सोडलं. ते पांढऱ्या केसांतून, कानांवरून, पाठीवरून वाहत गेलं. वर्षालीनं पाठ फिरवली होती. पाण्याच्या आवाजात मधूनच दुसरा एक आवाज मिसळला, उशी न धरता खोकल्यासारखा, आणि बराच वेळ मिसळत राहिला. शेखर तांब्या भरत राहिला.

मग तिच्या पाठीमागून हाक आली. "ये आता. आता तू अन् मी येकच झालो."

ती आत गेली. त्यांच्या अंगावर कोरडं धोतर होतं, डोक्यावर टॉवेल. उन्हात खुर्ची सरकवलेली होती आणि त्या खुर्चीसमोर, जिथं पटाचं स्टूल होतं तिथं, तिच्यासाठी चटई टाकलेली होती. ती बसली.

"सांग," नत्थुजी म्हणाले. "कसा गेला?"

हे तिला अजून कोणी विचारलं नव्हतं. अमरावतीत सगळे एकमेकांना सांगत होते, तिच्या देखत, तिच्या वतीनं. झोपेत गेले, पुण्यवान होते. पण ते झोपेत गेले नव्हते. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी दुसरंच काही बाहेर आलं. नत्थुजींनी तिला थांबवलं नाही, समजावलंही नाही. ते वाट पाहत बसले. सरलं तेव्हा ती म्हणाली, "शेवंतीले पानी सोडाले गेले होते, मागच्या दारी. मी आतून हाक आयकली…"

"थांब," नत्थुजी म्हणाले. "त्याच्या आंधीचं सांग. उठला कवा? चहा घेतला होता काय त्यानं?"

"घेतला होता."

"गुळाचा का साखरेचा?"

"गुळाचा."

"हां," ते म्हणाले आणि डोळे मिटले. "आता सांग."

वर्षाली पुन्हा मागं गेली आणि सकाळपासून सांगू लागली.